कढीपत्त्यावरची अळी

श्रोतेहो, नमस्कार.

सांगली-साताऱ्याकडं परसात कढीपत्ता नाही असं घर विरळाच. पावसानं त्याला कोवळी पालवी फुटली की पानावर पाखराची शीट पडल्यासारखं काहीतरी दिसतं. जरा निरखून पाहा, ती सरकते. ती असते लिंबू फुलपाखराची अळी.

फुलपाखरू काळं, त्यावर फिकट पिवळे ठिपके, मागच्या पंखांच्या आतल्या कडेला विटकरी डाग, पंखाला शेपूट नाही. मादी कोवळ्या पानावर एकेक गोल, फिकट पिवळं अंडं घालते. तीन-चार दिवसांत अळी निघते. पाखरं शीट समजून तिला सोडून देतात. चौथ्यांदा कात टाकली की मात्र ती हिरवीगार होते. डिवचलं तर डोक्यामागून लालसर, दोन फाट्यांचं शिंग काढते आणि उग्र वास सोडते. मुंग्यांसाठी आहे तो, माणसाला इजा नाही.

लिंबू, बेल, कवठ हीही तिची झाडं. लिंबाचं वीतभर रोप दोन-चार अळ्या बोडकं करतात, तिथून त्या उचलून मोठ्या कढीपत्त्यावर सोडा. मोठं झाड पुन्हा फुटतं, त्यावर औषध मारू नका. शिवाय उसाच्या खोडकिडीसाठी आपण ट्रायकोकार्ड लावतो ना, त्यातली ट्रायकोग्रामा ही इवलीशी गांधीलमाशी या फुलपाखराच्या अंड्यांतही आपली अंडी घालते. निसर्गातच आवर आहे.

मुलांना दाखवायचं तर रुंद तोंडाच्या बरणीत एकच अळी ठेवा, तोंडाला मलमलचं कापड बांधा. पाला घरच्या झाडाचा, रोज ताजा द्या. बाजारातल्या जुडीवर फवारा असला तर अळी मरते. फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवत असाल तर बाटलीचं तोंड कापसानं बुजवा, नाहीतर अळी आत बुडते. लेंड्या रोज काढा. ओलावा साचला की अळी काळी पडून लुळी होते.

खाणं थांबवून पातळ विष्ठा टाकली आणि सैरावैरा फिरू लागली, की कोष जवळ आला समजा. आत एक वाळकी काडी उभी ठेवा. अळी रेशमाचा पट्टा कमरेला घालून डोकं वर करून बसते. आता हात लावू नका. काडी वाळकी असेल तर कोष बहुधा तपकिरी, पानांत असेल तर हिरवा.

साधारण आठ-दहा दिवसांनी सकाळी फुलपाखरू निघतं. पंख खाली लोंबायला जागा हवी, बरणी अरुंद असली तर ते चुरगळलेलेच सुकतात. तासा-दोन तासांनी उन्हात सोडा. कोषाला टाचणीएवढं भोक पडून बारीक गांधीलमाश्या निघाल्या, तर त्यांनाही जाऊ द्या.