एयासीकाठी, पहारकाठीच्या मागे

काठावर जमलेला हा पांढरा थर सोडाखाराचा. उत्तर टांझानियातल्या एयासी सरोवरात आलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही. ऊन पाणी उडवून नेतं, खार मागे राहतो. लोणार पाहिलेल्यांना हा खार ओळखीचा वाटेल. लोणार मात्र उल्केच्या आघातानं झालं, आणि एयासी जमीन खचून झालेल्या दरीत आहे.

याच्या आजूबाजूच्या काटेरी रानात हाड्झा जमातीचे लोक राहतात. सगळे मिळून जेमतेम तेराशेच्या घरात. त्यातले दोन-तीनशे आजही मुख्यतः शिकार, मध, फळं आणि कंदांवर जगतात. त्यांच्या भाषेत जिभेचे टचकारे आहेत, आणि तिचं दुसऱ्या कुठल्याही भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही.

काराटू गावाहून सरोवराजवळचं मांगोला गाठायला खडबडीत रस्त्यानं दीड-दोन तास लागतात. मार्च ते मे पावसाचे; तेव्हा चिखलात गाडी रुतते. जून ते ऑक्टोबर बरा. मुक्काम मांगोलातच करा, कारण पुरुष उजाडताच रानात निघतात. उशीर झाला की वस्तीत फक्त राख उरते. पायात बंद बूट हवेत, अंगात पूर्ण बाह्या. बाभळीचे काटे चपलेतून आरपार जातात.

बहुतेक पाहुणे शिकारीमागे धावतात. आमचं सांगणं, एक सकाळ तरी बायकांसोबत जा. शिकारी पुष्कळदा रिकाम्या हातानं परततो. बायकांचे कंद मात्र बारा महिने मिळतात.

ही पहारकाठी पाहा. साधारण हातभर-दोन हात लांब, टोक सुरीनं तासलेलं. बाई आधी काठीनं जमीन ठोकते आणि कान देते. आवाजावरून खाली कंद आहे का, ते कळतं. मग दगडाखाली टोक घालून तो उचकटायचा, माती हातानं ओढायची. टोक बोथट होतं, की थांबून पुन्हा तासायचं. घाईनं खणलं तर कंद मध्येच तुटतो आणि निम्मा दगडाखाली राहतो. सापडतो तो 'एक्वा', आपल्या चवळी-मुगाच्या कुळातल्या वेलीचा कंद. तिथेच जाळ करून काही मिनिटं भाजला की साल सहज सुटते. उसासारखा चावायचा, रस गिळायचा, चोथा थुंकायचा. वाटेतली फळंही आपल्या फालशाच्या नि भोकराच्या नात्यातली. आणि हे अवाढव्य झाड म्हणजे गोरखचिंच.

पुरुषांच्या बाणांचे प्रकार वेगळे: पाखरांसाठी नुसतं लाकडी टोक, मोठ्या जनावरासाठी लोखंडी पातं आणि विष. पाती शेजारच्या दातोगा जमातीतले लोहार भंगार लोखंडातून ठोकून देतात. विष अडेनियमचं, आपल्या गॅलरीतल्या कुंडीत फुलतं त्याच जातकुळीचं. विषारी टोकावर कातड्याची पट्टी गुंडाळलेली असते. तिला हात लावू नका, आणि बाण ताणलेला असताना शिकाऱ्याच्या पुढे जाऊ नका.

मधाची वाट एक पाखरू दाखवतं: मधदर्शक. शीळ घातली की ते ओरडत झाडाझाडांवरून पुढे जातं. गोरखचिंचेच्या खोडात खुंट्या ठोकत माणूस वर चढतो, धूर करून पोळं काढतो. पाखराला मेण हवं असतं. पण हाड्झा पुष्कळदा उरलेलं मेण पुरतात किंवा जाळून टाकतात. पाखरू भुकेलं राहिलं, तर पुढचं पोळं दाखवायला पुन्हा येईल.

पैशांचं बोलणं स्थानिक वाटाड्यामार्फत आधीच उरका. हातोहात रोकड वाटू नका. मांगोलाजवळच्या वस्त्यांत पाहुण्यांच्या पैशामागोमाग दारू आली, आणि तिचे घाव फार खोल आहेत. मण्यांच्या माळा घेतल्यात, तर किंमत ती ओवणाऱ्या बाईच्याच हातात द्या. फोटो विचारून घ्या. आणि वस्तीत शिरताना आधी त्यांच्या भाषेत नमस्कार म्हणा: "मताना".