दुसऱ्या प्रश्नाची जागा

श्रोतेहो, नमस्कार.

मायक्रोवेव्ह भट्टीत तापवलेले अन्न किरणोत्सारी होते का, हा प्रश्न भौतिकशास्त्राच्या अभ्यासकांना वर्षानुवर्षे विचारला जातो. त्याचे उत्तर एका शब्दात देता येते: नाही. हे उत्तर अगदी बरोबर आहे आणि अनेक शास्त्रज्ञ तेवढेच सांगून पुढच्या कामाला लागतात. ज्याने प्रश्न विचारला, तो मात्र तिथेच उभा असतो. त्याच्या मनात लगेच दुसरा प्रश्न आलेला असतो: तसे असेल, तर भट्टीच्या दाराला ती बारीक छिद्रांची धातूची जाळी कशासाठी बसवलेली असते? आत काही घातक नसेल, तर ते बाहेर येऊ नये म्हणून एवढी काळजी का घ्यायची?

हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला आहे, कारण त्याचे उत्तर देताना शास्त्रज्ञाला विषय खरोखर उलगडून दाखवावा लागतो. भट्टीतल्या लहरींची लांबी सुमारे 12 सेंटिमीटर असते. त्या अन्नातल्या पाण्याच्या रेणूंना हेलकावे देतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. अणूच्या केंद्रकात बदल घडवण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते, म्हणून अन्न किरणोत्सारी होण्याचा प्रश्न येत नाही. परंतु आपल्या शरीरातही पाणीच भरलेले आहे. त्या लहरी बाहेर आल्या, तर हातालाही तशाच तापवतील, आणि जाळी त्यासाठी असते. छिद्रे काही मिलिमीटरचीच असल्यामुळे 12 सेंटिमीटरची लहर त्यांतून बाहेर पडू शकत नाही. उजेडाची लहर मात्र त्या छिद्रांच्या मानाने अतिसूक्ष्म असते, म्हणून आतले अन्न आपल्याला दिसत राहते. पाठ्यपुस्तकात प्रारण (लहरींच्या किंवा कणांच्या रूपाने पसरणारी ऊर्जा) आणि किरणोत्सार (अस्थिर अणुकेंद्रकातून आपोआप होणारे उत्सर्जन) हे दोन वेगळे शब्द आहेत. रोजच्या बोलण्यात दोन्हींना आपण ‘रेडिएशन’ म्हणतो. विचारणाऱ्याचा गोंधळ नेमका तिथे होता, आणि तो पहिल्या प्रश्नात कुठेच दिसत नव्हता.

शास्त्रज्ञांनी सामान्य माणसांशी बोलले पाहिजे, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. आज मला बोलायचे आहे ते या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. ज्या बोलण्यात दुसरा प्रश्न विचारायला जागा असते, त्यालाच मी संवाद म्हणतो.

व्याख्यानाची परंपरा जुनी आणि आदरणीय आहे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1825 साली नाताळातली व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे मायकेल फॅरेडे यांनी ती एकूण 19 वेळा गुंफली. जळत्या मेणबत्तीवरची त्यांची व्याख्याने मुलांसाठी होती, आणि घरी जाऊन हे प्रयोग तुम्हीही करून पाहा, असे ते मुलांना आवर्जून सांगत. हे आवर्जून सांगणे मला फार मोलाचे वाटते, कारण माझ्या शब्दावर विसंबू नका, स्वतः पाहा, हा त्यामागचा भाव आहे. पुढे पुढे मात्र हा भाव विरत गेला. लोकांना विज्ञान कमी कळते, म्हणून ते विज्ञानावर कमी विश्वास ठेवतात, आणि ती उणीव माहिती ओतून भरून काढली की विश्वासही वाढेल, अशी एक समजूत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने 1985 साली या विषयावर अहवाल काढला आणि लोकांपर्यंत विज्ञान पोहोचवणे हे शास्त्रज्ञांचे कर्तव्य असल्याचे त्यात ठामपणे सांगितले. हेतू उत्तम होता. पण त्या चित्रात प्रवाह एकाच दिशेने वाहत होता.

त्याच सुमारास घडलेल्या एका प्रसंगाने या समजुतीतली चूक उघडी पाडली. 26 एप्रिल 1986 रोजी चेर्नोबिल येथील अणुभट्टीचा स्फोट झाला. काही दिवसांनी त्यातून निघालेला किरणोत्सारी ढग ब्रिटनवर आला आणि मेच्या सुरुवातीच्या जोरदार पावसाबरोबर सीझियम या मूलद्रव्याचे किरणोत्सारी रूप वायव्य इंग्लंडमधल्या कंब्रियाच्या डोंगरांवर उतरले. तिथल्या उतारांवर मेंढ्या चरतात. जून महिन्यात सरकारने मेंढ्यांच्या विक्रीवर आणि कत्तलीवर बंदी घातली आणि ती तीन आठवडे राहील, असे सांगितले. तीन आठवड्यांनी बंदी उठली नाही. शेवटच्या काही शेतांवरचे निर्बंध उठायला 2012 साल उजाडले.

चूक कुठे झाली? सीझियम जमिनीत लवकरच जखडले जाईल आणि गवतात येणार नाही, हा अंदाज चिकणमातीच्या जमिनींच्या अभ्यासावर बेतलेला होता. कंब्रियाच्या डोंगरावरची माती वेगळी आहे. ती कुजलेल्या वनस्पतींपासून तयार झालेली, ओलसर आणि आम्लधर्मी आहे. तिच्यात सीझियम मोकळे राहते, मुळांवाटे गवतात येते, गवतातून मेंढीत जाते आणि लेंडीवाटे पुन्हा जमिनीत येते. लँकेस्टर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन यांनी या शेतकऱ्यांशी प्रदीर्घ बोलून जे टिपले, ते प्रत्येक संशोधकाने वाचावे असे आहे. मेंढ्या डोंगरावर न सोडता खालच्या दरीतल्या स्वच्छ गवतावर ठेवा, असा सल्ला दिला जात होता. शेतकऱ्यांना ठाऊक होते की दरीतले गवत आधीच तुटपुंजे असते आणि ते आताच चरून संपवले, तर पुढच्या ऋतूत जनावरांपुढे काय टाकायचे हा प्रश्न उभा राहील. एका प्रयोगात सीझियम जखडून ठेवणारे विशिष्ट खनिज जमिनीवर पसरून मेंढ्यांना कुंपण घातलेल्या तुकड्यांत ठेवले गेले. उघड्या डोंगरावर फिरायची सवय असलेली मेंढी कोंडली की खंगते, तेव्हा तिच्यावरून काढलेले निष्कर्ष उपयोगी पडणार नाहीत, असे शेतकरी म्हणत होते. त्यांचे म्हणणे नोंदवून घेतले गेले नाही आणि तो प्रयोग पुढे सोडून द्यावा लागला.

त्या शेतकऱ्यांचा आणखी एक प्रश्न होता, आणि तो टोचणारा होता. तिथून जवळच विंडस्केल, म्हणजे आजचे सेलाफील्ड, हे अणुकेंद्र आहे आणि 1957 साली तिथल्या अणुभट्टीला मोठी आग लागली होती. हे सगळे सीझियम चेर्नोबिलचेच कशावरून, असे ते विचारत. सीझियमच्या दोन समस्थानिकांच्या, म्हणजे वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणुरूपांच्या, प्रमाणावरून त्याचे वय ओळखता येते, असे उत्तर मिळाले, कारण सीझियम-134 चे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, सुमारे दोन वर्षांचे आणि सीझियम-137 चे सुमारे 30 वर्षांचे असते. पुढे शास्त्रज्ञांनीच मान्य केले की त्या डोंगरांवरचे सगळे सीझियम चेर्नोबिलचे नव्हते. त्यात जुना वाटाही मोठा होता. या माणसांना भौतिकशास्त्र येत नव्हते म्हणून त्यांचा विश्वास उडाला, असे म्हणता येणार नाही. सुरुवातीच्या प्रत्येक विधानात पूर्ण खात्रीचा सूर होता आणि काही आठवड्यांनी ते विधान बदलत होते, हे ते जवळून पाहत होते. तुमची ही खात्री कोणत्या मातीवरून आली, एवढा प्रश्न विचारण्याची सोय जून 1986 मध्येच झाली असती, तर बराच मनस्ताप टळला असता.

खात्रीचा सूर किती महागात पडतो, याचे त्याहून वेदनादायक उदाहरण इटलीतले आहे. लाक्विला या शहराला 2009 सालच्या सुरुवातीपासून लहान लहान धक्के बसत होते. 31 मार्चला तज्ज्ञांची बैठक झाली. त्या सुमारास एका अधिकाऱ्याने दूरचित्रवाणीवर सांगितले की या लहान धक्क्यांतून ऊर्जा बाहेर पडत आहे, तेव्हा परिस्थिती अनुकूलच म्हणायची. भूकंपशास्त्राला हे मान्य नाही. त्या शहरात धक्का बसला की रात्र उघड्यावर काढायची जुनी रीत होती. दिलाशामुळे काही कुटुंबे त्या रात्री घरातच राहिली. 6 एप्रिलच्या पहाटे मोठा भूकंप झाला आणि 309 माणसे मृत्युमुखी पडली. सहा शास्त्रज्ञांना 2012 मध्ये शिक्षा झाली आणि 2014 मध्ये अपील न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. भूकंपाचे भाकीत करता येत नाही आणि ते केले नाही म्हणून कोणाला तुरुंगात टाकणे योग्य नाही, असे माझेही मत आहे. पण शहरातल्या माणसांना भाकीत नको होते. आज रात्री घरात झोपावे की बाहेर, हे ठरवायला आधार हवा होता, आणि त्यांना मिळालेला दिलासा त्या विषयाच्या जाणकारांनी त्यांच्यासमोर उभे राहून तपासलेला नव्हता.

अनिश्चितता या शब्दाचे इथे फार हाल होतात. संशोधकासाठी ती मोजलेली गोष्ट असते: उत्तर साधारण या मर्यादांमध्ये आहे, असे तो सांगतो. ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र ‘यांना काही ठाऊक नाही’ एवढेच पडते. म्हणून बरेच शास्त्रज्ञ ती लपवतात, आणि ते भीतीपोटी होते, हे मला समजते. तरीही मी आग्रहाने म्हणेन की खात्रीचे, संभाव्य आणि अज्ञात अशा तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या करून सांगाव्यात. लोकांना ते पेलते. प्रत्येक घरात डॉक्टरांच्या तोंडून अशी उत्तरे ऐकलेली असतात आणि त्यांवर निर्णय घेतलेले असतात.

संवादामुळे संशोधनच सुधारते, हे एड्सच्या औषधांच्या चाचण्यांनी दाखवून दिले. 1980 च्या दशकात अमेरिकेत या चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा काही रुग्णांना औषध आणि काहींना तसेच दिसणारे निष्क्रिय द्रव्य दिले जाई. नियमाप्रमाणे ते योग्यच होते. पण मरण समोर दिसत असताना काही रुग्ण आपल्या गोळ्या तपासून घेत, तर काही त्या आपसांत वाटून घेत; म्हणजे कागदावर निर्दोष असलेली चाचणी प्रत्यक्षात बिघडत होती. रुग्णांच्या कार्यकर्त्यांनी विषाणुशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकून घेतले, संशोधकांशी कडाडून वाद घातला आणि चाचण्यांची आखणी करणाऱ्या समित्यांवर जागा मिळवली. माणसे ज्या चाचणीत मनापासून टिकतील, तिच्यातूनच विश्वासार्ह आकडे मिळतात, हे त्यांनी संशोधकांना पटवून दिले.

याचा अर्थ सगळ्यांची मते सारखीच, असा मुळीच नाही. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध पुराव्याने खोडला गेला आहे आणि तो प्रश्न कितीही वेळा विचारला गेला तरी उत्तर बदलणार नाही. काही जण उत्तर ऐकण्यासाठी विचारतच नाहीत, काही जण अपमान करतात, आणि हा वेळ संशोधकाच्या बढतीत सहसा धरला जात नाही. थकलेल्या संशोधकाला मी दोष देणार नाही. मात्र एवढे लक्षात ठेवावे की एक जण भांडत असतो, तेव्हा न बोलता ऐकणारे अनेक जण असतात, आणि शास्त्रज्ञ चिडतो की शांतपणे पुरावा उलगडतो, हे ते पाहत असतात.

शेवटी एक प्रश्न सांगतो. 2007 सालच्या ऑगस्टमध्ये हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिका ‘गॅलॅक्सी झू’ या प्रकल्पात दीर्घिकांच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या तारासमूहांच्या, छायाचित्रांचे वर्गीकरण करत होत्या. हे काम घरबसल्या कोणालाही करता येत होते. एका दीर्घिकेखाली त्यांना निळसर डाग दिसला आणि त्यांनी खगोलशास्त्रज्ञांना विचारले, की हे काय आहे? आम्हाला माहीत नाही, असे उत्तर मिळाले, आणि मग दुर्बिणी तिकडे वळल्या. तो वायूचा प्रचंड ढग निघाला. शेजारच्या दीर्घिकेच्या केंद्रात पूर्वी एक क्वेसार, म्हणजे प्रचंड कृष्णविवराकडे ओढल्या जाणाऱ्या वायूमुळे झळाळणारा स्रोत, प्रखर तेजाने जळत होता. तो आता मंदावला आहे, पण त्याचा जुना प्रकाश त्या ढगापर्यंत पोहोचून त्याला अजून उजळतो आहे, असा खुलासा 2009 च्या शोधनिबंधात मांडला गेला. लेखकांच्या यादीत व्हॅन आर्केल यांचेही नाव आहे. त्या ढगाला खगोलशास्त्रज्ञ आज ‘हॅनीज व्होरवेर्प’ म्हणतात. व्होरवेर्प या डच शब्दाचा अर्थ आहे, वस्तू.

नमस्कार.