300 फुटांखालचा जॉईंट

[दृश्य: बोअरवर तिवई, तिला चेनपुली. लोखंडी पाइप एकामागून एक वर येतायत.]

20 फुटांचे 15 पाइप काढून झाले तेव्हा कुठे मोटार दिसली. सकाळपासून चार माणसं खपतायत. मोटार मात्र जळालेली नाही, वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, ठणठणीत आहे. बिघाड झालाय तो बोअरची केबल मोटारीच्या केबलला जिथे जोडली होती त्या वीतभर जागेत.

[दृश्य: जवळून. फिटर ब्लेडने जुनी टेप चिरतोय.]

आत तीन तारा. दोन काळवंडल्यात. तिसरीवर हिरवा कळक चढलाय आणि ती मधूनच तुटलीय. एक फेज गेला, मोटार दोन फेजवर आली आणि नुसती गुरगुरत राहिली. स्टार्टरचा रिले पडला, म्हणजे जादा करंट ओळखून त्याने मोटार बंद केली, म्हणून ती वाचली. ज्यांचा रिले नीट लावलेला नसतो, त्यांना पाइप काढण्याच्या खर्चावर रिवाइंडिंगचाही खर्च बसतो.

पाणी आत शिरलं ते टेपच्या सैल घड्यांतून. आणि एकदा तांब्याला लागलं की वातीत तेल चढावं तसं ते बारीक तारांमधून वर चढतं. म्हणूनच फिटर जुनी केबल वीतभर कापून टाकतो. तांबं अजून काळंच दिसतं. आणखी वीतभर कापतो. लखलखीत तांबं दिसेपर्यंत तो थांबत नाही आणि ते बरोबर आहे. काळ्या तांब्यावर केलेला जॉईंट पुन्हा जाणारच.

नव्या जॉईंटला हात घालण्याआधी तो मालकाला विचारतो, “दादा, ऑटो काढलाय ना?”

हा प्रश्न जिवाचा आहे. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. मध्यरात्री उठावं लागू नये म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटो लावतात. लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते. तारा हातात असताना लाईट आली तर? नुसतं बटण बंद करून भागत नाही. मेन स्विच खाली, तिन्ही किटकॅट (फ्यूज) काढून स्वतःच्या खिशात, आणि मग तिन्ही तारांना टेस्टर लावून खात्री.

[दृश्य: फिटरचे हात. मांडीवर केबल.]

आता तो तिन्ही तारा वेगवेगळ्या लांबीच्या कापतो: एक आखूड, एक मध्यम, एक लांब. समोरच्या केबलच्या उलट्या क्रमाने. त्यामुळे तीन जोड शेजारी शेजारी येत नाहीत, पुढेमागे बसतात. एकाची टेप फाटली तरी दुसऱ्याशी भिडत नाही, आणि जोड फुगीर न होता बोअरमध्ये सहज उतरतो.

तार सोलताना ब्लेड तिरकं. उभं धरलं तर तांब्यावर खाच पडते आणि पुढे तार तिथेच तुटते. दातांनी किंवा काडी पेटवून सोलणं तर नकोच.

मग तांब्याची नळी. दोन्ही बाजूंनी तारा आत सरकवायच्या आणि क्रिम्पिंगच्या पकडीने दाबायच्या. साध्या पकडीने चेपलेली नळी घट्ट वाटते, पण आत पोकळी राहते. 5 एचपीची मोटार साधारण 10 अ‍ॅम्पिअर करंट घेते. जोडात पाव ओहम रेझिस्टन्स राहिला तरी तिथे सतत 25 वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याची छोटी सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचीच असते आणि तिच्यावर कथील वितळतं! पाण्यामुळे जोड थोडा थंड राहतो, पण टेपच्या आतली उष्णता टेपलाच मऊ करते. त्यात व्होल्टेज कमी असलं की मोटार करंट आणखी ओढते.

दाबून झाल्यावर तो दोन्ही टोकं धरून जोरात ओढतो. हलली नाहीत. मग टेप.

आधी रबर टेप. ताणून, निम्मा वेढा आधीच्या वेढ्यावर चढवत, मूळ कव्हरच्या दोन इंच अलीकडून सुरू करून दोन इंच पलीकडे संपवायची. ताणलेलं रबर स्वतःशीच एकजीव होतं. तिन्ही तारांना वेगळी, नंतर तिघींना मिळून, आणि वरून काळी पीव्हीसी टेप. नुसत्या काळ्या टेपवर विसंबून केलेले जॉईंट मी शिवारात पाहते तेव्हा वाईट वाटतं. पाण्यात तिचा चिकटपणा टिकत नाही.

[दृश्य: बादलीत बुडवलेला जॉईंट, टोकं पाण्याबाहेर.]

ऊस सुकतोय, मालकाला आजच पाणी हवंय. ती घाई कुणालाही कळेल. तरीही फिटर जॉईंट रात्रभर बादलीत ठेवतो. सकाळी 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे करंट कुठे गळतोय का ते दाखवणारं मीटर: एक टोक तारेला, दुसरं पाण्यात. 1 मेगओहमच्याही खाली काटा आला तर टेप उलगडून पुन्हा सगळं. ही रात्र वाचवली तर गळका करंट पाण्यातून लोखंडी पाइपला लागू शकतो, आणि त्या पाइपला पहाटे कुणीतरी ओल्या हाताने धरतं.

आज काटा भरपूर वर आहे.

[दृश्य: पाइप पुन्हा खाली जातायत.]

मोटारीचा भार पाइप आणि दोरावर, केबलवर नाही. केबल जागोजागी पाइपला बांधत, केसिंगच्या (बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या पाइपच्या) धारेला घासू न देता सोडली जाते. वर स्टार्टरमध्ये तारांच्या टोकांना लग (धातूची टोपी) दाबून स्क्रू आवळले, अर्थिंगची तार ओढून पाहिली. मग फिटर खिशातून मार्कर काढतो आणि स्टार्टरच्या झाकणाच्या आतून लिहितो: तारीख, पाइप 15, जॉईंट 1, मोटारीजवळ. आणि मग किटकॅट मालकाच्या हातात देतो.