मिलोची भाकरी आणि देणारा देश

श्रोतेहो, नमस्कार.

साठी ओलांडलेल्या मंडळींना 'मिलो' म्हणजे काय ते सांगायला नको. 1972 च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली ती लाल ज्वारी. माझी आई सांगायची, त्या पिठाला चिकटपणाच नसायचा. भाकरी थापताना कडा फाटायच्या आणि तव्यावर टाकेपर्यंत हातातच तिचे तुकडे व्हायचे. त्याच्याही आधी, 1965 आणि 66 च्या अवर्षणात, अमेरिकेच्या गव्हाची जहाजं बंदराला लागली की मग देशातल्या चुली पेटत. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन तो गहू एकदम देत नसत, महिन्या-महिन्याच्या बोलीवर सोडत. आपलं शेतीचं धोरण काय, व्हिएतनामबद्दल आपण काय बोलतो, यावर त्यांची नजर असे. त्या धान्यावर माणसं जगली, हे विसरून चालणार नाही. पण हात पसरण्याची ती सल आपल्या पिढ्यांनी जपून ठेवली, आणि आज आपण दुसऱ्या देशांना मदत करतो तेव्हा ती सल बोलते, असं मला वाटतं.

आपलं सरकार स्वतःला 'दाता' म्हणवून घेत नाही. शब्द वापरतं 'विकास भागीदारी'. परराष्ट्र मंत्रालयात 2012 मध्ये या कामासाठी जो स्वतंत्र विभाग झाला, त्याच्या नावातही भागीदारीच आहे. दाता म्हटलं की एक हात वर आणि एक हात खाली आलाच. त्यातला खालचा हात आपला होता.

पण घेणारे होते ते सगळेच देश असा विचार करतात असं नाही. दक्षिण कोरिया बघा. युद्धानंतर परक्या मदतीवर उभा राहिलेला हा देश 2010 मध्ये श्रीमंत देणगीदार देशांच्या समितीत मानाने जाऊन बसला. 'आम्ही गरीब होतो, आता देणारे झालो' हीच त्याची ओळख, आणि 1970 मध्ये सुरू केलेली ग्रामविकासाची चळवळ तो आज इतर देशांना शिकवतो. चीनने 1964 च्या सुरुवातीला, पंतप्रधान चौ एन लाय आफ्रिकेच्या दौऱ्यावर असताना, मदतीची आठ तत्त्वं जाहीर केली. अटी घालणार नाही, सार्वभौमत्वाचा मान राखू, अशी ती भाषा. त्याच वर्षी 15 सप्टेंबरला भारताने 'आयटेक' हा तंत्रसहकार्याचा कार्यक्रम सुरू केला. घरात गव्हाची चणचण होती तेव्हाची ही गोष्ट! खिशात पैसा नव्हता, म्हणून जवळ जे होतं ते दिलं: शिक्षण. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो.

पुढे 2003 च्या अर्थसंकल्पी भाषणात अर्थमंत्री जसवंत सिंह यांनी छोट्या देणगीदार देशांची मदत यापुढे नको असं सांगितलं. 2004 च्या त्सुनामीत आपला तामिळनाडू आणि अंदमान-निकोबारचा किनारा उद्ध्वस्त झाला होता, तरी आपली जहाजं मदत घेऊन श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियाकडे गेली.

तरीही एक गोष्ट मनाला खटकते. सवलतीच्या कर्जावर आपण परदेशात जी कामं करतो, त्यातला साधारण पाऊण माल आणि सेवा भारतातूनच घ्याव्या लागतात. आपल्या कारखान्यांना काम मिळावं, यात गैर नाही. मात्र भागीदारी म्हणायची तर ही अट समोरच्याला परवडते का, हे त्याला आधी विचारायला हवं. आपल्याला जॉन्सननी विचारलं नव्हतं.

आता आपल्या नागपूरचं सांगते. 2012 पासून भारताने आफ्रिकेतल्या कापूस पिकवणाऱ्या देशांसाठी तंत्रसहाय्याचा कार्यक्रम हाती घेतला. बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली हे त्यातले प्रमुख. श्रीमंत देशांच्या कापूस अनुदानामुळे आमचा शेतकरी मरतो, हे गाऱ्हाणं याच चौघांनी 2003 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत मांडलं होतं. विदर्भातल्या कोणत्याही कास्तकाराला ते परकं वाटणार नाही. सरकीपासून रुई वेगळी करायला तिकडे बहुतेक ठिकाणी करवती जिन चालते, आपल्याकडे डबल रोलर. रोलरवर धागा कमी तुटतो, रुई लांब राहते.

अमरावती रोडवरच्या जिनिंग प्रशिक्षण केंद्रात अशाच एका वर्गाला मी बसले होते. यंत्र धडधडत होतं, एकीकडे सरकी पडत होती, दुसरीकडे पांढरीशुभ्र रुई. तिकडून आलेल्या एका गृहस्थांनी रुईची बट दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढली, धागा डोळ्यांसमोर धरला आणि मान हलवली. मग दुभाष्यामार्फत त्यांनी विचारलं, रोलरवरच्या चामड्याच्या चकत्या झिजल्या, खाचा बुजल्या, तर माझ्या गावात त्या दुरुस्त कोण करणार?

शिकवणाऱ्यांनी फळ्यावरचं तसंच सोडलं. यंत्र बंद करायला लावलं, रोलर उतरवला आणि पाना त्या गृहस्थांच्या हातात दिला. दुपारचं जेवण लांबलं. चार वाजेपर्यंत त्या रोलरवर नव्या खाचा पाडून झाल्या होत्या, सगळ्या त्यांच्याच हातच्या.

नमस्कार.