शेततळ्याचं अनुदान: आधी पैसे कोण घालतं?

नमस्कार मंडळी! देपालपूर, सांवेर, महू... इंदूरच्या आपल्या बऱ्याच मराठी घरांची तिकडे अजून थोडीफार जमीन आहे. म्हणून आज बोलूया शेततळ्याच्या अनुदानाबद्दल. इथे त्याला बलराम तालाब म्हणतात.

‘डग डग रोटी, पग पग नीर’ असं माळव्याचं कौतुक आपण लहानपणापासून ऐकतो. पण सोयाबीननंतर गहू घ्यायचा म्हणजे पाणी लागतं, आणि ते आलं ट्यूबवेलमधून. दरवर्षी आणखी खोल. शेजारच्या देवासला तर १९९०च्या सुमारास प्यायचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं होतं.

त्याच देवासमध्ये २००६ साली जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना सांगितलं, जमिनीच्या दहाव्या हिश्शात तळं खोदा. सुरुवात मुद्दाम मोठ्या शेतकऱ्यांपासून केली. का? सगळ्यात जास्त उपसा त्यांचा, आणि पदरचे पैसे घालायची ऐपतही त्यांचीच. कुणी स्वतःचे घातले, कुणी बँकेचं कर्ज काढलं. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, राज्य सरकारनं बलराम तालाब योजना आणली.

आता आकडे नीट ऐका. सर्वसाधारण शेतकऱ्याला खर्चाच्या ४० टक्के, लहान आणि सीमांत (म्हणजे अगदी थोडी जमीन असलेल्या) शेतकऱ्याला ५० टक्के, दोघांनाही कमाल ८०,००० रुपये. अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ७५ टक्के, कमाल १ लाख. २००७ची योजना ही अशी होती.

त्यातला ‘कमाल’ हा शब्द सोडू नका. समजा तळ्याला २ लाख ४० हजार लागले. कागदावर ५० टक्के, हातात ८०,०००. म्हणजे एक तृतीयांश! उरलेले १ लाख ६० हजार तुमचे.

आणि तेही नंतर. काम होणार, साहेब येऊन टेप लावणार, लांबी-रुंदी-खोली लिहिणार, मग पैसे खात्यात. पोकलेनवाला तोवर थांबत नाही, त्याला तासाचे पैसे रोख लागतात. वीस एकरवाला ते देऊ शकतो. दोन एकरवाला मंडीतल्या अडत्याकडून पुढच्या सोयाबीनवर उचल घेतो, त्याचं व्याज भरतो, आणि अनुदानातला एक भाग त्या व्याजातच जातो. माझा राग आहे तो यावर. मोठ्यांना जमलेली ‘आधी खर्च, मग पैसे’ ही पद्धत आपण लहान शेतकऱ्यावर जशीच्या तशी लादली. लहान शेतकऱ्याला निदान अर्धी रक्कम खोदकामाआधी मिळायलाच हवी.

दुसरी गोष्ट तळ्याच्या काठावर उभं राहिलं की कळते. पाणी आत कुठून येतं ते बघा. चांगल्या तळ्याला उताराच्या बाजूनं वाट असते, तिथे दगड लावलेले असतात, आणि त्याआधी गाळ बसायला एक छोटा खड्डा असतो. तळाला चिकट काळी माती असेल तर पाणी टिकतं. मुरूम लागला तर मुरतं, पण तेही वाया जात नाही, आजूबाजूच्या विहिरींना लागतं. आता काही तळ्यांत ही वाटच नसते. असतो फक्त एक काळा पाइप, थेट ट्यूबवेलमधून आलेला, आणि खाली प्लास्टिक अंथरलेलं. जमिनीखालचं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं, म्हणजे त्याची वाफ करायची. अशा तळ्याला पाणी वाचवण्याच्या नावाखाली सरकारी पैसा मिळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. महाराष्ट्रात २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ आलं, तिथेही हेच दुखणं दिसलं.

ठिबक सिंचनाच्या अनुदानाचंही थोडक्यात सांगते: केंद्राच्या योजनेत लहान-सीमांत शेतकऱ्याला ५५ टक्के, बाकीच्यांना ४५. पण तेही सरकारनं ठरवलेल्या दरावर, दुकानदाराच्या बिलावर नाही. दोन्हींतला फरक आधी विचारून घ्या.

आणि घरच्या शेतात तळं खोदायचं ठरलं असेल, तर मंजुरीचा कागद हातात आल्याशिवाय मशीन बोलावू नका. कृषी विभागाच्या कार्यालयात जाऊन यंदाचा दर, यंदाची कमाल रक्कम आणि पैसे किती टप्प्यांत मिळणार, हे तिन्ही लिहून घ्या. मगच पोकलेनवाल्याला तारीख द्या.