आसुडाच्या शेपटीचा मासा

मंडळी, या टेबलावर एक छोटी टाकी ठेवलीय. मघापासून पुढं बसलेली मुलं विचारतायत, "सर, ह्यात मासा कुठाय?" वाळूवर ती तपकिरी काटकी पडलीय ना, तोच मासा. त्याला घरातून या वाचनालयापर्यंत आणताना माझा जीव वर-खाली होत होता. त्याच्याच टाकीचं पाणी घेतलं, वरून काळं कापड टाकलं, गाडी सावकाश हाकली. हे जनावर फोटोत कळत नाही, म्हणून एवढा खटाटोप.

याला व्हिपटेल कॅटफिश म्हणतात. मुळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. बैल हाकणाऱ्याच्या हातातला आसूड डोळ्यांपुढं आणा, मुठीशी जाड आणि टोकाला नुसती वादी. हा तसाच, डोक्याशी रुंद, मागं निमुळता, आणि शेपटीच्या परातली सगळ्यात वरची काडी लांब धाग्यासारखी निघालेली. अंगावर खवले नाहीत, हाडांच्या पट्ट्यांच्या रांगा आहेत. लिनियसनं 1758 साली या कुळातल्या एका माशाला लोरिकॅरिया हे नाव दिलं. लॅटिनमध्ये लोरिका म्हणजे चिलखत.

माझा पहिला व्हिपटेल मी बेळगावातल्या एका दुकानातून आणला. दुकानदार म्हणाला, "सकरच हाय सर, काच साफ करतोय. त्याला वेगळं काय घालायचं न्हाई." मी मान डोलावली. तीन आठवडे तो काचेला चिकटून होता, मला वाटलं खातोय. एका सकाळी तळाशी उताणा दिसला. हातावर घेतला तर पोट पाठीला लागलेलं, खपाटीला गेलेलं. माझ्या घरात, पाण्यानं भरलेल्या टाकीत, एक जीव भुकेनं मेला होता. आज बोलायला उभा आहे तो त्याच्यासाठी. या माशाला आपण नीट ओळखत नाही, म्हणून तो आपल्या घरी उपाशी राहतो.

तर ओळख. दुकानात सकर म्हणून मिळतो तो प्लेको. पाठीवरच्या मोठ्या पराच्या मागं, शेपटीजवळ, त्याला आणखी एक छोटा पर असतो. व्हिपटेलला तो नसतो. एवढं बघितलंत तरी निम्मी चूक टळते. प्लेको वाढत वाढत फूट-दीड फुटाचा होतो, मग लोक त्याला तळ्यात सोडतात. कृपा करून आपल्या बेळगावच्या किल्ल्याच्या तळ्यात किंवा मार्कंडेय नदीत एकही मासा सोडू नका. भारतात बऱ्याच ठिकाणी प्लेको असेच नद्या-तळ्यांत शिरले आहेत आणि तिथल्या माशांना जड जातायत.

व्हिपटेलच्या भाऊबंदांतही फरक आहे. या टाकीतला रिनेलोरिकॅरिया, तोंड आखूड, अंग चपटं, साधारण चार-पाच इंचांत थांबणारा. घरी पाळायला हाच बरा. स्टुरिसोमाचं नाक पुढं आलेलं असतं, पाठीवरचा पर शिडासारखा उंच, आणि तो आठ इंचांच्या आसपास जातो, त्याला मोठी टाकी हवी. फार्लोवेला तर सरळ वाळकी काडी. त्याच्या पाठीवरचा पर फार मागं, पोटाखालच्या मागच्या पराच्या बरोबर वर असतो; स्टुरिसोमाचा पुढं असतो. दोघांत गोंधळ झाला तर हीच खूण बघा. फार्लोवेला हे नाव फार्लो या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडलं, आणि तो माणूस शेवाळांचा अभ्यासक होता. फार्लोवेला खरंच शेवाळ खातो. रिनेलोरिकॅरियाचं मात्र नुसत्या शेवाळावर भागत नाही. त्याला किडे-अळ्या लागतात.

म्हणून रात्री दिवा मालवल्यावर माशांच्या खाण्याची बुडणारी गोळी किंवा चकती, म्हणजे वेफर, टाका. आठवड्यातून दोनदा गोठवलेल्या रक्तअळ्या, म्हणजे दुकानात मिळणारे ब्लडवर्म, द्या. काकडीची किंवा दुधीची चकती उकळत्या पाण्यात मिनिटभर धरून, गार करून, काटा-चमच्याला टोचून तळाशी ठेवा, सकाळी उरलेली काढा. दिवसा टाकलेलं खाणं वरचे मासे पळवतात आणि हा बिचारा तळाशी वाट बघत बसतो. त्यामुळं त्याच्याबरोबर गोल्डफिश नकोच. छोटे टेट्रा चालतील. आणि दर आठवड्याला, तो काचेला चिकटला की, खालून पोट बघा. भरलेलं किंवा सपाट असेल तर ठीक. खड्डा दिसला की समजा, घास त्याच्यापर्यंत पोचत नाहीये.

तळाला बारीक, गुळगुळीत वाळू. धारदार खडीनं ओठ आणि पोट सोलवटतं. एका जोडीला दोन फूट लांब, एक फूट रुंद टाकी पुरते. उंचीपेक्षा तळ महत्त्वाचा. पाण्याचं तापमान 24 ते 27 अंश. आपल्याकडं डिसेंबरात पहाटे स्वेटर लागतो, तेव्हा हीटर लागणारच. राकसकोप धरणाचं नळाचं पाणी असेल तर अँटी-क्लोरीन, म्हणजे क्लोरीन मारणारं औषध, घालूनच वापरा. बोअरचं पाणी भांड्याला पांढरे डाग पाडत असेल तर त्यात नळाचं मिसळा. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. आजार आला की भसाभस मीठ किंवा तांबं असलेलं औषध ओतायची सवय सोडा. बाहेरून चिलखत दिसतं, पण या माशाला ते सोसत नाही.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. खानापूरकडचा एक कळक कापून आणला होता, मासा जेमतेम शिरेल एवढ्या पोकळीचा. चांगला उकळला, तळाशी बसेपर्यंत भिजत ठेवला. नराच्या गालांवर दाढीच्या खुंटांसारखे बारीक काटे येतात, मादीचे गाल गुळगुळीत. महिन्याभरात नर त्या नळीत जाऊन बसला. बॅटरीच्या मंद उजेडात बघितलं, तर पोटाखाली अंड्यांचा थर, आणि हा दोन्ही बाजूंचे पर हलवून त्यांच्यावर पाणी खेळवतोय. मधूनच तोंडानं अंडी चोळून साफ करतोय. आईनं अंडी घातली आणि ती गेली, राखण सगळी बापाची. खाण्यासाठीही तो क्वचितच बाहेर आला. आठवडाभरानं पिल्लं निघाली, नखाएवढी, पण शेपटी तेव्हाच चाबकासारखी. पोटातला बलक संपला की त्यांना लगेच खाणं लागतं, एक दिवसही थांबता येत नाही. मी वेफर चुरून दिवसातून चार वेळा टाकत होतो, आणि पहिल्या माशाची आठवण प्रत्येक वेळी येत होती.

आता एकेक जण पुढं या. त्याच्या डोळ्याकडं बघा. उजेडात बुबुळावर वरून एक पाकळी उतरलीय, म्हणून आतला काळा भाग घोड्याच्या नालेसारखा दिसतोय. हॉलचा हा एक मोठा दिवा बंद करा, पलीकडचा राहू दे. काचेवर टकटक करू नका. ती पाकळी हळूहळू वर सरकेल, थोडं थांबा.