सगळ्यांत मागे कोण चालतं?

मंडळी, चालणं तब्येतीला चांगलं, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? ते आपल्या बडोद्यात, दांडिया बाजारात सगळ्यांना पाठ आहे. चालत मात्र कुणी नाही. जानेवारीत कमाटी बागेत पाय ठेवायला जागा नसते, मार्चमध्ये निम्मे गायब. म्हणून मी आज गटाने चालण्याबद्दल बोलणार आहे, आणि त्यातही गटाच्या शेवटच्या माणसाबद्दल.

नव्वदच्या दशकात इंग्लंडमध्ये विल्यम बर्ड नावाच्या फॅमिली डॉक्टरने आपल्या पेशंटांना गटाने चालायला लावलं. गोळ्यांच्या जोडीला एक ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता आणि सोबत वाट दाखवणारा स्वयंसेवक. तिथून ती पद्धत देशभर पसरली. पुढे 2015 साली अशा गटांवरचे 42 अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यांत 1,843 माणसं होती. वरचं ब्लडप्रेशर सरासरी पावणेचार अंकांनी उतरलं होतं, वजन आणि कोलेस्टेरॉल थोडं कमी झालं होतं, उदासपणाही कमी झाला होता. पावणेचार म्हणजे फार नाही, तेवढ्यावर कुणी गोळी बंद करू नये. मला त्यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटली: या गटांतून गळणारे फार थोडे होते.

आता आपल्याकडे काय होतं बघा. काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी सगळे जमतात, एकत्र निघतात. म्युझियम येईपर्यंत दोन पार्ट्या पडतात. मागे राहिलेल्या काकू थांबतात, पर्समधून मोबाइल काढतात आणि म्हणतात, "तुम्ही व्हा पुढे, मला जरा सुनेला फोन करायचाय." तो फोन कुणालाही लागत नसतो, काकूंना दम लागलेला असतो. पुढच्या रविवारी काकू येत नाहीत, आणि आपण म्हणतो, त्यांना आवडच नाही.

म्हणून गटाला वाटाड्ये दोन हवेत. पुढचा रस्ता ठरवतो. मागचा सगळ्यांत शेवटी चालतो आणि त्याच्या मागे कुणी राहू देत नाही. दोघांपैकी मागच्याला जास्त समज लागते, कारण आपण सोबतीला थांबलोय हे समोरच्याला कळूही द्यायचं नसतं. आणि एक चूक सगळीकडे होते. पुढचे बाकावर बसून वाट बघतात, शेवटचा माणूस पोचला की "चला!" म्हणून उठतात. म्हणजे ज्यांना विसाव्याची गरज नव्हती ते विसावले, आणि ज्याला होती तो तसाच निघाला. शेवटचा आला, पाणी प्यायला, त्याचा श्वास खाली बसला, की मगच उठा.

वेग किती असावा? चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. (ज्यांना एरवीही म्हणता येत नाही, त्यांनी शेजाऱ्याला विचारावं.) जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. दहा हजार पावलांचं दडपण नको. तो आकडा 1965 च्या सुमारास जपानमधल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या जाहिरातीतून आला. इन्सुलिन किंवा डायबिटीसच्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. छातीत दुखलं किंवा भरून आलं तर तिथेच थांबायचं, मागच्याला सांगायचं, आणि बसल्यावरही दुखणं थांबलं नाही तर घरी न जाता थेट दवाखाना. एप्रिल-मेमध्ये आठच्या आत घर गाठावं. पावसाळ्यात विश्वामित्रीच्या काठाने जाऊ नये, तिथल्या मगरींना गटबिट कळत नाही. चालून झाल्यावर सेव-उसळ? महिन्यातून एकदा, आणि तरी बेताची.

चिठ्ठी आलीय: "गुडघे दुखतात, चालू का?" गुडघ्यांची झीज असली तरी हळूहळू वाढवत चालण्याने बहुतेकांना फायदाच होतो. चालून आल्यावर थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत थांबलं, तर चाललात ते ठीक. नाही थांबलं तर पुढच्या वेळी निम्मं चाला. सूज आली तर डॉक्टरला दाखवा, आणि तोवर बाकावर बसून बाकीच्यांच्या पिशव्या सांभाळा. पण रविवारी या.